कापूस वेचणाऱ्या हातांना शिलाईची लाईन: अटी आधी ठरवायच्या की नंतर?

पऱ्हाटी
अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होत आहे. 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्याच्या कार्यक्रमात त्याची पायाभरणी झाली. जागा सुमारे 1000 एकर, देशातल्या अशा 7 पार्कांपैकी हे एक. दर पार्कामागे एक लाख थेट रोजगार, असा सरकारचा अंदाज. शेत ते धागा, धागा ते कारखाना, तिथून फॅशन आणि मग परदेश, अशी सगळी साखळी जुळवायची म्हणतात. आमच्याकडे कापूस दीडशे वर्षांपासून बाहेर जातो आहे, तो इथेच कापड होऊन शिवला जाणार असेल तर मला आनंदच आहे. हे आधी सांगते, म्हणजे कारखान्याला विरोध म्हणून हा चर्चेचा धागा कुणी वाचू नये.

पण आमच्या बचत गटाच्या बैठकीत शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेचा माणूस आला होता. त्याने सांगितलं, "कंपन्यांना बायाच पाहिजेत. बायांचा हात हलका, नजर बारीक, आणि एका जागी बसून काम करतात." बाया खूश झाल्या. मी विचारलं, हात इतका चांगला असेल तर सुरुवातीचा पगार त्या मानाने जास्त असेल ना? तर म्हणे, सुरुवातीला हेल्पर म्हणूनच घेतात.

मी गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचते आहे. ढाका असो, बंगळुरू असो की तिरुपूर, मांडणी सगळीकडे तीच दिसते. मशीनवर, धागे कापायला, चेकिंगला बाया. कटिंग मास्टर पुरुष, सुपरवायझर पुरुष, प्रॉडक्शन मॅनेजर पुरुष. दुकानातल्या शर्टाच्या किमतीत शिवणारीच्या मजुरीचा वाटा साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आतच असतो. ती मजुरी थोडी वाढली तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही. तरी ती वाढत नाही, कारण बाईची कमाई म्हणजे घराला जोड, खरा कमावता दुसरा कुणीतरी, असं धरूनच हिशोब केलेला असतो. आमच्या यवतमाळ-वर्धा-अमरावती पट्ट्यात किती घरांत तो दुसरा कमावता उरलेला नाही, हे इथल्या लोकांना मी सांगायला नको.

24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावरची राणा प्लाझा इमारत कोसळली. 1,134 माणसं गेली, त्यात बाया जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कारखान्यांतल्या बायांना मात्र कामावर बोलावलं. नाही गेलं तर पगार कापला जाण्याची धास्ती. त्याच इमारतीत कुणाचा जीव जपायचा आणि कुणाचा नाही, हे मजल्यामजल्यावर ठरलं होतं.

माझा प्रश्न सरळ आहे. आपल्याकडे कारखाने अजून पूर्ण उभे राहायचे आहेत. आमची ग्रामसभा, बचत गट, नोकरीला जाणाऱ्या पोरी यांनी आत्ताच अटी मागायच्या का? मागायच्या तर कोणत्या? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी लिहावं.

बांधावरचा
ताई, तळमळ समजते. मी दर्यापूर भागातला, खारपाणपट्ट्यातला शेतकरी. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या गावात बाईला निंदणाला जेवढी मजुरी मिळते त्याच्या जवळपास दुप्पट गड्याला मिळते. तेही वर्षातले काही महिनेच. उन्हाळ्यात काहीच नाही. कारखान्यात बारमाही पगार, बँकेत जमा, सावलीत काम. आधीच अटींची यादी लावली तर कंपनीवाला म्हणेल बायाच नको, परप्रांतातून पोरं आणतो. मग आमच्या बाया परत वावरातच. आधी येऊ द्या, मग भांडू.

वेचणी
बांधावरचे भाऊ, सावलीचं तुमी खरं बोलले. मी सांगतो म्हंजे सांगते, माही माय अन् मी दोघीबी कापूस येचाले जातो. किलोवर पैसे. सकाळी दव असते तवा कापूस जड भरते, मालक म्हनते ऊन पडू द्या मंग या. ऊन पडलं का कापूस हलका, अन् आपला रोज बी हलका. बोंडाच्या टोकानं बोटं फाटते. त्या बोटायले कोनी हलका हात नाही म्हनत. पोट्टं कडेवर असन तर धुऱ्यावर झाडाखाली ठेवायचं. वावरात बाईसाठी संडास नसते, मनून दिवसभर पानी नाही पेत बाया. कारखान्यात हेच होईन तर मंग बदललं काय? पन पगार दर महिन्याले येईन, हे मले पाह्यजे. दोनी गोष्टी पाह्यजे.

पऱ्हाटी
वेचणीताई, "दोनी गोष्टी पाह्यजे" हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही जास्त नेमकं म्हटलंत.

तिरुपूरहून
मी मूळची पांढरकवड्याकडची. नवरा आणि मी दोघं तिरुपूरला बनियन कंपनीत आहोत. लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहिते.

इथे एका शर्टाचे तुकडे वाटून दिलेले असतात. एक बाई फक्त खांदा जोडते, दुसरी फक्त बाही, तिसरी फक्त कॉलर. दर तासाचं टार्गेट फळ्यावर लिहिलेलं असतं. टार्गेट पूर्ण झालं की पुढच्या वेळी ते वाढवतात, नाही झालं की सुपरवायझर ओरडतो. जे शब्द वापरतो ते इथे लिहिता येणार नाहीत. तमिळ येत नसलं तरी शिवी कळते. माझा नवरा त्याच मजल्यावर कटिंगला आहे, त्याच्यावर तो असा ओरडत नाही. नवऱ्याचा पगार माझ्याहून जास्त आहे. कटिंगमध्ये चूक झाली तर थप्पीचं कापड वाया जातं म्हणून त्यांना जास्त, असं सांगतात. माझ्या हातून दिवसभर जे जातं त्यात चूक झाली तरी पूर्ण बंडल परत येतंच, आणि ते उसवून पुन्हा शिवायचे पैसे नाहीत.

संडासला जायला मी मशीन सोडली तर लाईन तुंबते. पुढच्या बाईपुढे माल संपतो, मागे ढीग होतो, सगळ्या माझ्याकडे बघतात. म्हणून सुपरवायझरने अडवायची गरजच पडत नाही, बाया आपण होऊनच कमी पाणी पितात. लघवीला जळजळ, मूतखडा, कंबर आणि मान हे आजार इथे घरोघर आहेत. पाळीच्या दिवसांचं तर बोलतच नाही कुणी. माझं म्हणणं आहे की गावाकडच्या बहिणींनी पगाराचा आकडा विचारायच्या आधी हे विचारावं, की लाईनीत कुणी उठलं तर त्या जागेवर बसणारी जादा बाई ठेवली आहे का? तिला इथे फ्लोटर म्हणतात. ती असेल तर पाणी पिता येतं. माझ्या आधीच्या कारखान्यात होती, इथे नाही.

आणि होस्टेल. पोरींना एकट्या पाठवणाऱ्या आईबापांना होस्टेल म्हणजे सुरक्षित वाटतं. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत सुमंगली नावाची पद्धत होती. तीन वर्षं काम करायचं, मोठी रक्कम शेवटी एकदम मिळणार, लग्नाला उपयोगी पडेल. तीन वर्षं गेटबाहेर मोकळं जाता येत नसे, आणि मुदत पुरी व्हायच्या आत आजारपणाने सोडलं तर हाती काही नाही. तिच्याविरुद्ध खूप आवाज उठला. आपल्याकडे लग्नाची रक्कम वगैरे बोलत कुणी एजंट आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

काजबटन
तिरुपूरहून ताई, तुमचा प्रतिसाद सगळ्या बचत गटांत मोठ्याने वाचून दाखवायला हवा.

मी एका निर्यात कंपनीत मर्चंडायझर होतो, आता सोडलं. परदेशी ब्रँड आणि कारखाना यांच्या मधली माझी खुर्ची, त्यामुळे थोडी दुसरी बाजू. कारखानदार सगळेच राक्षस नसतात. ब्रँडचा खरेदी अधिकारी दर हंगामाला भाव खाली पाडून मागतो, माल द्यायची मुदत कमी करतो, आणि डिझाईन शेवटच्या आठवड्यात बदलतो. आपण नाही म्हटलं तर ऑर्डर दुसऱ्या देशात. ही सगळी घाई फिरत फिरत त्या फळ्यावरच्या टार्गेटवर येऊन बसते. मार्च 2020 मध्ये तर मोठमोठ्या ब्रँडांनी तयार झालेल्या मालाच्या ऑर्डरीसुद्धा रद्द केल्या. एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून जास्त रकमेच्या ऑर्डरी अडकल्या. कापड घेतलेलं, शिवलेलं, पेटीत भरलेलं, आणि मजुरी द्यायला पैसा नाही. पुढे जगभरातून दबाव आल्यावर बऱ्याच ब्रँडांनी पैसे दिले.

राणा प्लाझानंतर मे 2013 मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात जो अकॉर्ड, म्हणजे कारखान्यांच्या सुरक्षेचा करार, झाला, तो महत्त्वाचा का, तर तो ऐच्छिक नव्हता. सही केली की कायद्याने बांधले गेले. तोवर कंपन्यांचे स्वतःचे तपासनीस येत, कागद बघत, प्रमाणपत्र देऊन जात. मी अशा तपासण्या जवळून पाहिल्या आहेत. तपासणीच्या दिवशी संडास धुतलेले असतात, प्रथमोपचाराची पेटी भरलेली असते आणि बायांना काय उत्तर द्यायचं ते सांगून ठेवलेलं असतं. अकॉर्डमुळे बांगलादेशात दीड हजाराहून जास्त कारखान्यांची खरी तपासणी झाली. पण तो इमारत आणि आगीपुरताच होता. मजुरी त्यात नव्हती. तिथली किमान मजुरी 2013 ला महिना 5,300 टका, 2018 ला 8,000, आणि 2023 अखेर 12,500 झाली. संघटनांनी 23,000 मागितले होते. त्या आंदोलनात कामगारांचे जीवही गेले.

बांधावरचा
काजबटन भाऊ, मग तुम्ही माझंच म्हणणं सांगताय की. ऑर्डर दुसऱ्या देशात जाते. मग अमरावतीच्या ग्रामसभेचा ठराव कोण वाचणार?

गिरणगल्ली नागपूर
बांधावरचे भाऊ, तुमची पहिली भीती, की अटी घातल्या तर बायांनाच घेणार नाहीत, ती पोकळ नाही. असं घडलेलं आहे आणि ते कसं घडलं हे कळलं तर उपायही सापडतो.

माझी आजी एम्प्रेस मिलमध्ये रीळ भरायला होती. ही मिल जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात सुरू केली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी, अपघाताची भरपाई हे तिथे एकोणिसाव्या शतकातच होतं, पुढे पाळणाघरही. आजीला त्या पाळणाघराचं फार कौतुक होतं, माझे मोठे काका तिथेच वाढले. पुढे ती मिल बंद पडली. आता त्या जागेवर काय आहे ते नागपूरकरांना माहीत आहे, त्यावर बोलत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक बाई होती. 1929 चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 ला विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं होतं. कायदा योग्यच होता. पण प्रसूतीचा खर्च ज्या मालकाकडे बाया आहेत त्याच्याच गळ्यात. शिवाय रात्रपाळीला बंदी. मग गिरणीमालकांनी हळूहळू बाया कमी केल्या, त्यांच्या खात्यांत यंत्रं आणि पुरुष आणले, आणि पुढच्या काही दशकांत गिरणी म्हणजे पुरुषांची जागा झाली. म्हणजे सोय बाईच्या नावावर आणि खर्च तिच्या मालकावर अशी मांडणी असली की मालक बाईच टाळतो. सोय सगळ्यांच्या नावावर आणि खर्च सामाईक, अशी मागणी करायला हवी.

आणि ठराव कोण वाचणार असं म्हणता? 20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या बायांनी गिरण्यांत, विडी कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी पगारी रजा, इजा झाली तर भरपाई, निवृत्तिवेतन असे ठराव केले. ज्या बायांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांनी हे मागितलं. त्याच्याही आधी, 1890 ला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत रविवारच्या सुट्टीसाठी सभा घेतली, तिथे दोन गिरणी कामगार बाया उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षी सुट्टी मिळाली. आज आपण सगळे रविवारी घरी असतो.

वकीलीण दारव्हा
गिरणगल्ली यांनी जो मुद्दा मांडला तो थेट कायद्यात दिसतो. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघर 30 हून जास्त स्त्री कामगार असतील तर सक्तीचं होतं. म्हणून कित्येक ठिकाणी बायांची संख्या तिशीच्या आत ठेवायची किंवा काही बाया ठेकेदाराच्या पटावर दाखवायच्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राने चार श्रम संहिता लागू केल्या. त्यांत पाळणाघराचा आकडा 50 कामगारांचा आहे आणि त्यात पुरुषही मोजले जातात. बाई न घेतल्याने मालकाचा खर्च वाचत नाही. हा बदल मला चांगला वाटतो. संहितांमधल्या बाकी सगळ्याच गोष्टी चांगल्या आहेत असं नाही. संपाआधी नोटीस द्यायची सक्ती आता सगळ्याच उद्योगांना आहे, आणि रात्रपाळीला बाईची संमती लागते खरी, पण नोकरी टिकवायची असलेल्या बाईची संमती किती मोकळी असते?

प्रसूतीचंही तसंच. 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. पण बाईची ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, नोंद असेल आणि वर्गणी पुरेशी भरलेली असेल तर हा पैसा ईएसआय देतं, मालक नाही. म्हणून ईएसआयची नोंदणी झाली का, हे पहिल्या महिन्यातच तपासा. नेमणूकपत्र आता प्रत्येकीला देणं बंधनकारक आहे. ते हातात घेतल्याशिवाय मशीनवर बसू नका, आणि त्यात हुद्दा काय लिहिला आहे ते वाचा. मशीन चालवणारीला कागदावर हेल्पर दाखवलं की किमान वेतनाची श्रेणीच खाली येते. समान कामाला समान वेतन 1976 पासून कायद्यात आहे, आता ते वेतन संहितेत आलं. कायदा हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतो, पण हुद्दाच वेगळा लिहिला तर काम समान आहे हे सिद्ध करणं अवघड जातं. जादा तासाला दुप्पट दर, हेही लक्षात ठेवा.

लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा 10 किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती मागतो. समितीची अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान युनिट असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

तिरुपूरहून
समितीबद्दल एक जोडते. आमच्याकडे समितीच्या यादीचा कागद भिंतीवर आहे. त्यातल्या बाया ऑफिसातल्या आहेत, लाईनवरची एक नाही. त्यांच्यापुढे जाऊन कोण बोलणार? दिंडीगुलकडे जानेवारी 2021 मध्ये शिलाई कारखान्यातल्या एका वीस वर्षांच्या दलित मुलीचा तिच्याच सुपरवायझरने खून केला. त्यानंतर तिथल्या बायांच्या संघटनेने सोडलं नाही. एप्रिल 2022 ला संघटना, कारखानदार आणि परदेशी ब्रँड यांच्यात करार झाला. त्यात लाईनवरच्याच कामगारांतून, दर 25 जणांमागे एक, अशी छळावर लक्ष ठेवणारी माणसं नेमली. कारखान्याने ऐकलं नाही तर ब्रँडने ऑर्डर कमी करायची. बांधावरचे दादा, ऑर्डरची जी भीती आपल्याला दाखवतात तीच तिथे बायांच्या बाजूने लावली आहे.

बांधावरचा
हे मला ठाऊक नव्हतं. वाचतोय.

वेचणी
मले एक इचारायचं हाये. बंगलोरच्या बायायनं रस्ता रोकला होता म्हन्तात, ते खरं का?

काजबटन
खरं आहे ताई. एप्रिल 2016. पीएफमधला मालकाचा हिस्सा 58 वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम सरकारने केला. शिलाई कारखान्यात फार थोड्या बाया त्या वयापर्यंत टिकतात. नजर आणि कंबर चाळिशीतच जाते, आणि बऱ्याच ठिकाणी पाच वर्षं भरायच्या आत राजीनामा घेऊन पुन्हा नव्याने घ्यायचे, म्हणजे ग्रॅच्युइटी द्यावी लागत नसे. लेकीचं लग्न, सावकाराचं देणं, सगळं त्या पीएफवर. हजारो बाया कारखान्यांतून बाहेर येऊन थेट होसूर रस्त्यावर बसल्या. बोलावलं कुणी नव्हतं, बहुतेकजणी कुठल्याच संघटनेत नव्हत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुसऱ्या दिवशी केंद्राने नियम मागे घेतला, आणि तो देशभरातल्या सगळ्या पगारदारांसाठी मागे घेतला गेला. ऑफिसात बसणाऱ्या माझ्यासारख्यांचाही त्यात फायदा झाला.

सुईदोरा यवतमाळ
मी घरी शिवते, म्हणून वेगळं लिहिते. सगळ्याच बाया पार्कात जाणार नाहीत. ज्यांची लहान लेकरं आहेत, ज्यांना सासरहून परवानगी नाही, त्यांच्याकडे माल घरी येईल. आत्ताही एक ठेकेदार पिशव्या आणि परकर आणून देतो. मशीन माझी, वीज माझी, सुई मोडली तर माझी, दोरा कधी त्याचा कधी माझा. दर नगावर. मागे राज्य सरकारने 2024 मध्ये शाळेचे गणवेश शिवायचं काम बचत गटांकडे दिलं होतं, आणि वर्ष संपायच्या आत ते पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं. आमच्यातल्या काहींनी त्या भरवशावर मशीनी घेतल्या होत्या.

कारखान्याला गेट असतं, हजेरी असते. आमची हजेरी कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा करार 1996 चा आहे, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. त्यामुळे ठराव करणार असाल तर आम्हाला बाहेर ठेवू नका. पार्कातल्या कंपनीने घरी माल दिला तर त्या बाईचं नाव कंपनीच्या वहीत असलं पाहिजे, आणि नगाचा दर असा हवा की आठ तासांत किमान वेतन पडेल.

पऱ्हाटी
सुईदोरा ताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं, ठरावात घालते.

मी आजवरचं धरून असं लिहिते आहे, ग्रामसभेच्या आधी महिला सभेत मांडायला. एक, पहिल्या दिवशी नेमणूकपत्र, त्यात खरा हुद्दा, आणि ईएसआय-पीएफचा नंबर महिन्याच्या आत. दुसरं, पाळणाघर पार्कात सामाईक असावं, एकेका कंपनीवर सोडू नये, आणि ते पुरुष कामगारांच्या लेकरांनाही उघडं असावं. लाईनीमागे फ्लोटर, हे तिरुपूरहून आलेलं. अंतर्गत समितीत निम्म्या बाया लाईनवरच्या, त्यांची निवड बायांनीच करायची. सुपरवायझर आणि कटिंगच्या प्रशिक्षणात मुलींना जागा, नाहीतर प्रशिक्षण केंद्र फक्त हेल्परच तयार करत राहील. आमच्या भागातून सकाळी आणि पाळी सुटल्यावर एसटी, कारण रात्री आठनंतर फाट्यावरून गावापर्यंत बाईला एकटं चालत यावं लागलं तर घरचे दुसऱ्याच महिन्यात नोकरी सोडायला लावतील. आणि घरी शिवणाऱ्यांची वही.

बांधावरचे दादा, एसटीच्या वेळेचं तुमच्या भागातून काय हवं ते सांगाल का? आणि घरातल्या कामाचंही बोलायचं आहे. बाई दहा तास बाहेर राहिली तर चूल कोण पेटवणार, हे ठरावात लिहिता येत नाही, पण महिला सभेत मी विचारणार आहे, आणि पुरुषांनाही बोलावणार आहे.

बांधावरचा
दर्यापूरहून सकाळी सहाच्या सुमारास गाडी हवी, वाटेतल्या गावांना थांबत. डेपोत मी विचारतो. सभेला येतो, आणखी काही जणांना घेऊन येतो. मुलगी बारावीला आहे, तिलाही आणतो.

वेचणी
ठराव आमच्या बोलीत बी लिवा ताई. बायायले वाचून दाखवाले मी येते.

वकीलीण दारव्हा
मसुदा इथेच टाका. कायद्याचे संदर्भ मी घालून देते. किमान वेतनाची चालू अधिसूचना कामगार आयुक्तालयातून काढून तिची प्रत सोबत जोडा. नुसता "योग्य वेतन" असा उल्लेख असला की पुढे कुणी धरून विचारू शकत नाही.